मांदेलीच्या घरी

दुकानाच्या शटरवर मी कागद चिकटवला: 'दुकान पाच दिवस बंद. कोकण बघायला जात आहे.' त्यातलं दुसरं वाक्य निम्मंच खरं होतं. कोकण तर बघायचं होतंच, पण मी निघाले होते एका रॅपर पोरीला भेटायला. हे बार्शीत कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती. एक्कावन्न वर्षांची लेडीज टेलर, चष्मा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही, आणि ही रॅपच्या मागं रत्नागिरीला चालली म्हटल्यावर आमच्या गल्लीनं वर्षभर दुसरा विषय काढला नसता.

रॅप मी काही शोधत गेले नव्हते. मशीनवर बसलं की कानाला काहीतरी लागतं, म्हणून फोनवर गाणी लावून ठेवायची. एकामागून एक आपोआप लागत जातात. तसंच एका दुपारी ब्लाउजला हुक लावताना एका मुलीचा आवाज आला:

'बापाच्या शर्टाला खिसे दोन,
एकात विडी, एकात फोन.
आईच्या लुगड्याला वार नऊ,
ठेवायचं कुठं ते सांगा, भाऊ?'

माझा हात थांबला. बावीस वर्षं मी बायकांचे कपडे शिवतेय आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गाण्याचं नाव 'खिसा' आणि गाणारीचं नाव 'मांदेली'. मांदेली हा एक छोटा मासा असतो हे नंतर कळलं. त्या दिवसापासून मी तिची सगळी गाणी ऐकली, मग इतरांचीही ऐकली. कुणाचा श्वास कुठं तुटतो, कोण बीटच्या पुढं पळतं, कोण मागं रेंगाळतं, हे मला कळायला लागलं. आणि पहिला खिसा मी माझ्या स्वतःच्या परकराला लावला. मग गिऱ्हाइकांना विचारायला लागले. आता आमच्याकडं खिशाशिवाय ड्रेस कुणी शिवून घेत नाही.

हे सगळं मी एकदा तिच्या गाण्याखाली लिहिलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं: 'काकी, परकराला खिसा? भारीच. या कधी रत्नागिरीला. मासे खायला घालते.'

मी ते आमच्या ह्यांना दाखवलं. हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, आणि सगळी गल्ली त्यांना अजून कंडक्टरच म्हणते, मीसुद्धा. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "अगं, असं ते सगळ्यांनाच म्हणतात. मी नाही तीस वर्षं 'पुढं सरका, जागा आहे' म्हणत होतो? असायची का जागा?"

पण जानेवारीत त्यांनीच बसचं वेळापत्रक काढून माझ्यापुढं ठेवलं.

पालीचा चहा

पहिला मुक्काम कोल्हापूरला माझ्या बहिणीकडं केला. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीची बस धरली. आंबा घाट उतरताना मी खिडकीला आणि कंडक्टर बसच्या कंडक्टरला चिकटून होते. घाट संपला तशी माती लाल झाली. आमच्याकडं नुसती काळी रानं, नजर टाकाल तिथपर्यंत सपाट. इथं एक घर या वळणावर, दुसरं पार खाली झाडीत, आणि घरांच्या भिंती भोकाभोकांच्या लाल दगडाच्या. बसमधल्या एका बाईंनी सांगितलं, तो जांभा, जमिनीतून कापूनच काढतात. आंब्याला मोहोर आला होता. वास इतका होता की बसमधला डिझेलचा वाससुद्धा मागं पडला.

पाली या बाजाराच्या गावात बस दहा मिनिटं थांबली. आम्ही चहा प्यायलो, पुन्हा बसलो. रत्नागिरीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक पिशवी कमी आहे. नेमकी ती. त्या पिशवीत मांदेलीसाठी शिवलेलं जाकीट होतं. निळ्या जीनच्या कापडाचं, आतून लाल अस्तर आणि सात खिसे. व्हिडिओ थांबवून थांबवून, डोळ्यानं माप घेऊन शिवलेलं.

"पिशवी तुमच्याकडं होती," मी म्हणाले.

कंडक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "चहाच्या टेबलाखाली ठेवली होती मी." नोकरीभर यांनी लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर कवळीसुद्धा परत केली होती. मी उरलेल्या पिशव्या पुन्हा मोजल्या. ते त्यांना जास्त लागलं असावं, कारण ते तडक कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेले आणि तिथं अशी काही एसटीची भाषा बोलले, की तासाभरात मागच्या बसच्या कंडक्टरनं पिशवी आणून दिली. हॉटेलवाल्यानं वरून सुतळी बांधली होती. मी जाकीट काढून पाहिलं, झटकलं, पुन्हा घडी घातली आणि त्यानंतर मांदेलीला देईपर्यंत ती पिशवी माझ्याच हातात राहिली.

संध्याकाळी लॉजवरून मांदेलीला मेसेज पाठवला: 'मी बार्शीची शैला. आले आहे रत्नागिरीला.' तिनं तो बघितलाच नाही. झोपताना पुन्हा पाहिलं, तरी तसाच. कंडक्टर म्हणाले, "उद्या समुद्र बघू, बंदर बघू. इथवर आलोय ते काही वाया जात नाही." त्यांनी मला टोचलं नाही, याचं मला बरं वाटलं आणि वाईटही.

बंदरावर

सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. बोटी इतक्या दाटीनं लागल्या होत्या की पाणी दिसायला फटी शोधाव्या लागत होत्या. एका कडेला एक म्हातारे गृहस्थ फाटलं जाळं विणत बसले होते. मी तिथंच उभी राहिले. गाठ मारताना ते बोटावर माप घेत होते, प्रत्येक घर सारखं. मी विचारलं, "टाका कसा चुकत नाही तुमचा?" ते म्हणाले, "चुकला तर मासाच सांगतो."

पुढं मासे विकायला बायका ओळीनं बसल्या होत्या. आमच्याकडं मटण चालतं, पण समुद्राचा मासा आमच्या घरात कधी शिजला नाही. कंडक्टर नाकाला रुमाल लावून माझ्यामागून चालले होते. आणि तेवढ्यात ती हाक ऐकू आली.

"ताजी फडफडीत, बघून घे, मग बोल."

मी जागच्या जागी थांबले. 'बघून घे, मग बोल' हे मांदेलीच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं धृपद. तोच सूर, शेवटच्या अक्षरावर तसाच हेल. फरक इतकाच की हा आवाज वयानं मोठा होता. हिरव्या लुगड्यातली, नाकात चमकी असलेली एक बाई टोपलीमागं बसून ओरडत होती. तिचा जबडासुद्धा गाणाऱ्या मांदेलीसारखा होता.

मी समोर जाऊन म्हणाले, "तुमचा आवाज मी ओळखते. तुमची मुलगी गाते ना?"

बाईंचा चेहरा एकदम मिटला. "म्हणजे तुमी पण त्यातलेच. फोनवाले. व्हिडिओ काढायचा नाय हां इथं. मासे घ्यायचे तर घ्या, नायतर सरका, गिऱ्हाईक येतंय."

मी सरकणारच होते, तेवढ्यात मागून कंडक्टर म्हणाले, "अर्धा किलो द्या."

"कशातलं?"

त्यांनी रुमालातूनच बोट दाखवलं. "ते सोनेरी."

"ती मांदेली. किलोनं नाय देत, वाटा असतो." बाईंनी वाटा उचलून पिशवीत घातला. "साफ करून देऊ काय?"

"नको, आम्ही करू."

"कुठं उतरलाव?"

"स्टँडजवळच्या लॉजवर."

बाईंचा हात थांबला. "लॉजवर रांधणार?"

कंडक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. पिशवीतून त्यांच्या पायावर पाणी गळत होतं. बाई हसायला लागल्या. शेजारच्या बाईला सांगून हसल्या, तीही हसली, आणि ओळीच्या टोकापर्यंत ते पोचलं. मलाही हसू आवरेना. मग मी त्यांना सगळं सांगितलं. बार्शी, टेलरिंग, परकराचा खिसा, न वाचलेला मेसेज.

त्यांनी डोळे पुसले. त्यांचं नाव सुगंधा. "बार्शी म्हणजे कुठं आली?" मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलाव, तर चला घरी. मी रांधते. पोरीला भेटायचं तर भेटा. पण तिच्या गाण्याचं माझ्यापाशी बोलू नका. सांगून ठेवते."

मिऱ्याच्या घरी

त्यांचं घर मिऱ्याला, समुद्राच्या अगदी कडेला. ओटीवर चढलो तेव्हा एक बारकी मुलगी दोरीवर कपडे वाळत घालत होती. गाऊन घातलेला, केसांना तेल लावलेलं. ती मांदेली होती. तिचं नाव पूर्वा.

स्क्रीनवर ती ताडमाड दिसते, आणि समोर माझ्या खांद्याला लागत होती. मी आल्यापासून मनात वाक्यं जुळवत होते, ती सगळी गेली. तोंडातून एवढंच आलं, "बार्शी. परकराला खिसा."

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. "त्या काकी? खऱ्याच आल्या?" तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. तिचा फोन तीन दिवसांपूर्वी होडीतून उतरताना पाण्यात पडला होता, दुरुस्तीला गेला होता. "मी बोलावते सगळ्यांना," ती म्हणाली, "पण येतं कोण? तुम्ही पहिल्या."

मी पिशवी उघडली. तिनं जाकीट घातलं आणि माझा चेहरा उतरला. खांदे कोपराकडं उतरलेले, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. बावीस वर्षांत माझं माप एवढं कधी चुकलं नव्हतं. तिला मात्र काही वाटलंच नाही. एकेक खिसा चाचपत ती घरभर फिरली, कंगवा एकात, किल्ली दुसऱ्यात, वहीची गुंडाळी तिसऱ्यात.

"काढ ते," मी म्हणाले. "मशीन आहे का कुठं?"

शेजारच्या घरातून मशीन आणून ओटीवर ठेवलं. मी खांद्याची शिवण उसवायला घेतली आणि पूर्वा समोर पाय दुमडून बसली. आतून कांदा परतल्याचा वास येत होता. इतके दिवस माझ्या कानात असलेला आवाज आता समोर बसून बोलत होता. मी विचारलं, ओळ आधी येते का बीट? तिनं मला विचारलं, कापड आधी की माप? असं बराच वेळ चाललं. आयुष्यात माझ्या कामाबद्दल मला इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते.

मग मी हळू आवाजात विचारलं, "आईला गाणं का आवडत नाही?"

तिनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. "बंदरावर कुणीतरी सांगितलान तिला, तुझी पोर स्टेजवर तुझी नक्कल करते, लोक हसतात. तेव्हापासून ऐकतच नाय. मी लावलं की उठून जाते. आणि ऐकलंन तरी एवढ्या वेगात तिला कळत नाय. एकदाही कार्यक्रमाला आली नाय ती. उद्या सावर्ड्याला कॉलेजात आहे. सांगितलंय, पण नाय येणार."

मी टाका ओढला आणि पुढची शिवण धरली. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं, आणि मला तर आधीच बजावलेलं.

जेवायला तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, तळलेली मांदेली आणि सोलकढी होती. भाकरी मऊ, पांढरी, पापुद्र्याची. आमची ज्वारीची तिच्यापुढं पैलवान वाटली असती. कंडक्टरांनी काट्याच्या भीतीनं मांदेली हातात धरून चहूबाजूंनी तपासली. सुगंधाताई म्हणाल्या, "काट्यासकट खायची ती. कुडुम करून." त्यांनी डोळे मिटून खाल्ली, मग आठ-नऊ खाल्ल्या. मी बार्शीहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. सुगंधाताईंना चटणी इतकी आवडली की त्यांनी ती सोलकढीबरोबरही खाल्ली. असं बार्शीत कुणी करत नाही, पण लागतं चांगलं.

सगळं छान चाललं होतं. खुर्चीवरच्या जाकिटाकडं बघून सुगंधाताईंनी विचारलं, "एवढे खिसे कशाला गो लावलाव?"

आणि कंडक्टर बोलून गेले, "अहो, ते तिच्या गाण्यातच आहे की."

पूर्वाचा घास हातात राहिला. मी कंडक्टरांकडं असं पाहिलं की त्यांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवलीच नाही.

सुगंधाताईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग पोरीला न विचारता मला विचारलं, "गाण्यात काय हाय?"

मला ते पाठ होतं. मशीनवर शेकडो वेळा तिच्याबरोबर म्हटलं होतं, तिच्याच वेगात. पण त्या पाटावर, हाताला कालवण लागलेलं असताना, मी ते हळू म्हटलं. एकेक शब्द, आमच्या बार्शीच्या बोलीत, शाळेत कविता म्हणावी तसं. बापाचे खिसे झाले, लुगड्याचे वार झाले, आणि मग ते कडवं आलं:

'टोपली डोकीवर, पाणी पाठीवर,
पैसं कमरेला, नजर भावावर.
घरी येताच हात सारे पुढं,
तिच्या हाती उरतं मीठ तेवढं.'

पुढची ओळ मला आठवेना, कारण सुगंधाताई माझ्याकडं बघत नव्हत्या. स्वतःच्या तळहाताकडं बघत होत्या.

"परत म्हणा वायच," त्या म्हणाल्या.

मी परत म्हटलं. बाहेर लाटांचा आवाज चालू होता.

त्यांनी पूर्वाला विचारलं, "हा कधी लिवलंस?"

"बारावीला होते तेव्हा. बंदरावर तुझी वाट बघत बसायचे ना, बर्फाच्या पेटीवर. तेव्हा."

"मला वाटला, चेष्टा करतेस माझी."

"नाय गो," पूर्वा म्हणाली. जी मुलगी एका श्वासात चोवीस ओळी म्हणते, तिला दोन शब्दांच्या पुढं जाता येईना.

सुगंधाताईंनी डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावला, उजव्या हातानं माझ्या ताटात अजून एक बांगडा टाकला आणि ताटातच बघत विचारलं, "उद्या सावर्ड्याला कितीला निघायचाय?"

सावर्डे

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एसटीनं निघालो. आमचं सामान बरोबरच होतं, कारण कार्यक्रमानंतर आम्ही चिपळूणहून पोफळीच्या वाटेनं घाट चढून कराडला जाणार होतो. सुगंधाताईंनी जांभळी रेशमी साडी नेसली होती आणि अबोलीचा गजरा माळला होता. वाटेत त्या मला खिडकीतून सगळं दाखवत होत्या, काजूची कलमं, भाताची कापलेली खाचरं, कुणाच्या मेहुण्याचं घर. गाण्याबद्दल एक अक्षरही नाही. पूर्वा मात्र पुढच्या सीटवरून दर पाच मिनिटांनी मागं वळून बघायची, आई अजून आहे का म्हणून.

सावर्डे हे हायवेवरचं बाजाराचं गाव. कॉलेजच्या पटांगणात मांडव घातला होता, ऊन उतरत होतं. मुलं-मुली शेकड्यांनी. कंडक्टरांनी कुणाशी काय बोलून आम्हाला पहिल्या रांगेत तीन खुर्च्या मिळवल्या ते मला आजही माहीत नाही. सुगंधाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

मांदेली स्टेजवर आली आणि पटांगण दणाणलं. जाकीट अंगाला बरोबर बसलं होतं. खांदे मी स्वतः दोनदा तपासले होते. ती माइकपाशी आली. बीट सुरू झाली. तिनं तोंड उघडलं, खाली पाहिलं, आणि तिला आई दिसली.

ती थांबली. बीट पुढं गेली आणि ती नुसती उभी. संगीत लावणाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच. ती बघतेय, ओठ हलतायत, आवाज नाही. मागं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी शिट्टी मारली. ती ओळ मला पाठ होती, मी खालून सांगितलीही, पण माझा आवाज कसला पोचतोय.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. सुगंधाताई उठून उभ्या राहिल्या आणि बंदरावर आवाज लावतात तसा लावला.

"अगो, बोल की. एवढी माणसं काय गप बसायला आलीत?"

त्या पटांगणात माइकची गरज नसलेली ती एकटीच बाई होती. आणि जो हशा उठला, त्यात पूर्वासुद्धा हसत सुटली. वाकून, गुडघ्यांवर हात टेकून हसली. डोळे पुसले, सरळ उभी राहिली आणि माइकमध्ये म्हणाली, "ही माझी आई."

टाळ्या थांबायला वेळ लागला. मग बीट तिसऱ्यांदा सुरू झाली आणि तिनं पहिली ओळ अशी फेकली की माझ्या अंगावर काटा आला. फोनवर इतक्या वेळा ऐकलं होतं, पण छातीत वाजतं ते पहिल्यांदाच कळलं.

सुगंधाताई उभ्याच होत्या. मागच्या मुली म्हणत होत्या, "काकी, बसा ना, दिसत नाही." त्यांना ऐकू येत नव्हतं, किंवा येत असेलही. त्या काही बसल्या नाहीत. मग मी उठले. माझ्यामागून कंडक्टरही उठले. आणि गाणं संपलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.